समुद्र दूर, म्हणून मागास?

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या भावाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: मराठवाडा समुद्रापासून लांब, म्हणून मागास. त्यात तथ्य आहेच. गाडीभाडे कोणीही भरो, ते शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होते. पण लांब असणे म्हणजेच गरीब असणे, हे मला साफ अमान्य आहे.

सहाराच्या दक्षिण काठावरचे जुने घाना राज्य पाहा. त्याला ना बंदर होते, ना राजधानीच्या दारात सोन्याची खाण. उत्तम सोने १८ दिवसांच्या वाटेवरून येई. तरी राज्य श्रीमंत होते. भूगोलकार अल-बक्रीने १०६८ च्या सुमारास कारण नोंदवले आहे: मिठाचे गाढवभर ओझे आत आले की राजाचा एक दिनार, बाहेर गेले की दोन. पुढे त्याच वाटांवर मालीचे राज्य उभे राहिले आणि १३२४ मध्ये त्याचा राजा मन्सा मूसाने कैरोत इतके सोने वाटले की तिथला सोन्याचा भाव पडला.

दूर कशाला जा? पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराचा ग्रीक ग्रंथ सांगतो, भडोच बंदराहून मराठवाड्यातले पैठण २० दिवस आणि तिथून पूर्वेला तेर आणखी १० दिवस. माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी बंदरावर जाई. त्या तेरमध्ये हस्तिदंती बाहुली सापडली, तिच्यासारखी दुसरी इटलीतल्या पाँपेईत. अंतराने तेरला मारले नाही.

मग मारते काय? उत्तर तघाझात आहे. वाळवंटातल्या या मिठाच्या खाणीवर प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये पोहोचला. घरे मिठाच्या लाद्यांची, छपरे उंटाच्या कातड्यांची आणि मीठ खणणारे सगळे गुलाम. त्यांच्या मिठावर माली गबर झाले, खणणारे मात्र तिथेच राहिले. पैसा खणणाऱ्यापाशी थांबला नाही, जकात घेणाऱ्यापाशी आणि मालाची किंमत ठरवणाऱ्यापाशी थांबला.

माझी भीती हीच आहे. आपला शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करून मोंढ्यात आणतो. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण अख्ख्या हळकुंडांची पोती परगावी गेली की दळण, पुडी आणि पुडीवरचे नाव तिथल्यांचे होते. ती गिरणी वसमतमध्ये, शेतकऱ्यांच्या मालकीची हवी. पुडीवर वसमतचेच नाव हवे.