म्हातारीची पाठ वाकते, की मोडते?

मैत्रिणींनो, "वय झालं, आता वाकणारच" हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटू लागलंय. पण पाठ नुसत्या वयानं वाकत नाही. पुष्कळदा आतला मणका मोडलेला असतो. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं विरळ होतात. मग पडायलाही लागत नाही. हंडा उचलताना, वाकताना, कधी नुसत्या खोकल्यानं मणक्याची पुढची बाजू चेपते नि तो पाचरीसारखा होतो. असे दोन-तीन मणके गेले की पोक येतं, उंची घटते, पोट दाबलं जाऊन घास जात नाही. अशा दर तीन मोडींपैकी साधारण दोन डॉक्टरांच्या नजरेला येतच नाहीत. हात मोडला तर प्लास्टर, मणका मोडला तर बाम! आणि झाडलोट चालूच.

पुरुषांचेही मणके मोडतात, पण बायांचे जास्त. त्यातही काहींवर ही वेळ लवकर आणली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी तिशीतल्या. पिशवीबरोबर बीजकोषही काढले असतील तर पाळी जाण्याआधीच हाडांचं संरक्षण संपतं. या बायांनी डोक्यावर मोळ्या वाहायच्या. त्यांच्या मणक्यांचा हिशेब कोण ठेवणार? सरकारी आरोग्य योजनांना बाई दिसते ती बाळंतपणापुरती. आपली शिबिरंही पाळी आणि अंगावरून जाण्याच्या पुढं क्वचितच जातात.

भिंतीला टेकवून उंची मोजायला काय लागतं? तरुणपणीची उंची कुणाकडे लिहिलेली नसते, म्हणून आत्ता मोजा, दरवर्षी लिहा. दोन सेंटीमीटर घटली किंवा पाठीत एकाएकी कळ आली, तर बाजूनं एक्स-रे काढायची मागणी करा. "वयाचं आहे" हे उत्तर घेऊन परतू नका. एक मणका मोडला की वर्षभरात दुसरा मोडण्याचा धोका साधारण पाचात एक, आणि तो कमी करणारी औषधं आहेत. आठवड्याला एक गोळी, असंही औषध मिळतं. ते सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालं पाहिजे, हे आपल्या मागणीपत्रात यायला हवं.

आणि दुखतं म्हणून नातवाकडून पाठ तुडवून घेणाऱ्या आज्जींना आधी थांबवा. विरळ झालेला मणका तेवढ्यानंही चेपू शकतो.