एकट्याची प्रार्थना

आमच्या गोव्यात ख्रिस्ती प्रार्थना कानी पडते ती बहुधा समूहाचीच. इगर्जीतली मीस, सांजेला घरातला तेर्स, वाड्यावरच्या खुरसाकडची लादाईन. ऐकायलाही गोड! पण शेजारीण म्हणते, "घर, मुले, चर्चची कामे आटोपून एकटीने देवाशी बोलायला वेळ कुठे उरतो?"

उरणारच नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय पाहा. कफर्णहूम गावी संध्याकाळी अख्खे गाव आजारी माणसे घेऊन दाराशी लोटलेले. तरी येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिमोन शोधत येतो, सगळे तुला शोधताहेत म्हणून सांगतो. म्हणजे कामे संपलेली नव्हतीच! आणि येशू परत न फिरता पुढच्या गावांकडे निघतो.

शेजारीण पहाटे उठली, तर चहासाठी हाका येतीलच. येऊ देत.