चार दिवसांची कला, बारमाही नगर

सार्वजनिक जागेत काही दिवसांपुरती कलाकृती मांडावी आणि मुदत संपताच ती हलवावी, ही कल्पना पुणेकरांस परकी नाही. १८९३ साली लोकमान्यांनी सार्वजनिक रूप दिलेल्या गणेशोत्सवात दर वर्षी चौकाचौकांत देखावे उभे राहतात आणि मुलाबाळांसह हजारो कुटुंबे रात्री पायी हिंडून ते पाहतात. पुणे बिएनालेच्या निमित्ताने २०१७ च्या जानेवारीत मांडणीशिल्पेही नागरिकांच्या भेटीस आली. प्रश्न एवढाच, की उरलेले वर्षभर आमचे चौक केवळ वाहनांचेच का असावेत?

रस्त्यांतील खड्डे बुजत नाहीत, पदपथांवर चालता येत नाही, मग हा थाट कशाला, असा आक्षेप येईल. आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. निष्कर्ष मात्र नाही. सुशोभनावर खर्च आजही होतोच. फरक इतकाच, की तो कायमच्या वस्तूंवर होतो. कारंजे कोरडे पडते, शिल्पावर धूळ साचते, आणि ते हलविण्याचे धाडस कोणी करीत नाही. तात्पुरती कलाकृती फसली तरी ती आपल्या तिथीला निरोप घेते. नगराच्या माथी बसत नाही. शिवाय तिचा भार करदात्यावरच पडला पाहिजे असेही नाही. १९९५ साली क्रिस्तो व जान-क्लोद या दांपत्याने बर्लिनचे संसदभवन दोन आठवडे वस्त्राने झाकले, ते स्वतःची रेखाचित्रे विकून मिळविलेल्या पैशावर.

मात्र काही अटी कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. पादचाऱ्याची वाट तसूभरही अरुंद होता कामा नये. मांडवासाठी रस्ता खणला जाऊ नये. कलेच्या आडून जाहिरातफलक शिरू नयेत. आणि काढण्याची तारीख कलाकृतीवरच लिहिलेली असावी.

आरंभही सोपा आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन पाळला. अशाच एका दिवशी मोकळा झालेला रस्ता शहरातील कलाशाळांच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. निवड जाणत्यांनी करावी, नगरसेवकांनी नव्हे. ज्या रस्त्यावरून आपण रोज मान खाली घालून घाईने जातो, तेथे नागरिक क्षणभर थांबला, शेजारच्या अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलला, तरी तो खर्च सत्कारणी लागला असे आम्ही म्हणू. रस्ता हा नगराचा दिवाणखाना आहे. त्याची केवळ वखार होऊ देणे पुण्याच्या लौकिकास शोभणारे नाही.