सहाशे किलोमीटरचे अंतर आणि कुरकुंभचा कामगार

पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे 605 किलोमीटर. वेळ साधारण दीड तास. हिशेब खरा आहे. परंतु तो विमानतळाच्या दारापासून सुरू होतो. आमचा धम्मबांधव कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, रासायनिक कारखान्यात कंत्राटावर राबतो.

त्याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. कुरकुंभ ते लोहगाव दोन-अडीच तास. सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद होते, म्हणून दोन तास हाताशी ठेवायचे. मग दीड तासाचे उड्डाण आणि उतरून दीक्षाभूमी गाठेपर्यंत आणखी एक. झाले सात तास! रेल्वेने जायचे तर दौंड जंक्शनवरून मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा सुमारे 810 किलोमीटरचा वळसा, तेरा-चौदा तास. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, पण कंत्राटी कामगाराला दोन महिन्यांनंतरची रजा आज कोण देणार? अशोक विजयादशमीला दौंडच्या फलाटावर उभे राहिलेल्यांना पुढचे सांगायला नको. विमानाने जाऊन-येऊन बारा-तेरा तास वाचतात, म्हणजे त्याचा एक दिवसाचा रोज वाचतो.

विमान ही चैन, चळवळीच्या माणसाला तिच्याशी काय करायचे, असे आमचेच काही मित्र म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. प्रकृती खालावलेली असताना बाबासाहेब 11 ऑक्टोबर 1956 रोजी दिल्लीहून विमानानेच नागपूरला आले होते.

खरा प्रश्न भाड्याचा आहे. अंतर बारा महिने तेवढेच, भाडे मात्र गर्दी पाहून चढते. हा बाजाराचा नियम, सरकार काय करणार, असे उत्तर मिळते. ते टिकणारे नाही. मे 2020 मध्ये सरकारनेच प्रवासाच्या वेळेनुसार भाडे बांधले होते. तासापेक्षा जास्त आणि दीड तासाच्या आतील प्रवासाला किमान 3,000 आणि कमाल 9,000 रुपये. 6 डिसेंबर 2025 रोजी, नेमक्या महापरिनिर्वाण दिनी, इंडिगोची उड्डाणे कोलमडलेली असताना सरकारने अंतरानुसार तात्पुरती मर्यादा घातली. 500 ते 1,000 किलोमीटरसाठी 12,000 रुपये. पुणे-नागपूर त्याच टप्प्यात येते. म्हणजे अधिकार आहे, आणि तो वापरताही येतो. अडलेला प्रवासी कोण आहे, एवढाच काय तो फरक!

12,000 हाही कंत्राटी कामगाराच्या महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन दिवस पुणे-नागपूर मार्गावर याहून बरीच कमी मर्यादा बांधावी. ज्यांना तेही झेपणार नाही, आणि तेच बहुसंख्य आहेत, त्यांच्यासाठी दौंडमार्गे जादा अनारक्षित गाड्या सोडाव्यात आणि त्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी जाहीर करावे. नागपूरच्या विमानतळाला 2005 साली बाबासाहेबांचे नाव दिले गेले. तालुक्या-तालुक्यांतून निवेदने देताना कार्यकर्त्यांनी किलोमीटर, तास आणि वरील दोन्ही आदेशांच्या तारखा त्यात अवश्य घालाव्यात. दसऱ्याच्या तोंडावर नव्हे, साठ दिवसांची ती मुदत उघडण्यापूर्वी.