स्वयमवर शिकणं मोफत आहे, मग कॉलेजनं काय द्यायचं?

जुलै आणि जानेवारी महिना आला की कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वयमच्या कोर्सची लिंक फिरायला लागते. नोंदणी करा, व्हिडिओ बघा, परीक्षा द्या आणि क्रेडिट घ्या, असं सगळं सोपं वाटतं. आयआयटीच्या प्राध्यापकाचं लेक्चर गडचिरोलीतल्या विद्यार्थ्यालाही मोफत मिळत असेल, तर यात वाईट काय?

वाईट काहीच नाही. पण लेक्चर मोफत झालं म्हणजे शिक्षण मोफत झालं असं होत नाही. या बदलात विद्यार्थ्याच्या हातात काय येतं आणि काय निसटू शकतं, ते समजून घेऊया.

सुरुवात कुठून झाली?

अमेरिकेतल्या एमआयटीनं २००१ मध्ये एक निर्णय जाहीर केला. आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं करायचं. त्याला नाव दिलं ‘ओपनकोर्सवेअर’.

भारतही फार मागे नव्हता. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीनं मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. आधी फक्त व्हिडिओ होते. २०१४ पासून कोर्स, परीक्षा आणि प्रमाणपत्रही मिळू लागलं. त्यानंतर ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते केंद्र सरकारचं ‘स्वयम’ सुरू झालं. इंजिनीअरिंगसोबत कला, वाणिज्य, व्यवस्थापन असे विषयही एका छताखाली आले.

क्रेडिटचं गणित काय आहे?

व्हिडिओ बघून ज्ञान मिळतं, पण पदवी क्रेडिटवर मिळते. खरा बदल इथं झाला. यूजीसीनं २०१६ मध्ये नियमावली आणली आणि एका सेमिस्टरमधल्या २० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करायला परवानगी दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. म्हणजे पाच विषयांपैकी दोन विषय ऑनलाइन होऊ शकतात. त्याच वर्षी ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. विद्यार्थ्यानं मिळवलेली क्रेडिट्स बँकेतल्या पैशांसारखी तिथं जमा होतात.

शिकणं मोफत असलं तरी प्रमाणपत्रासाठीची परीक्षा शुल्क भरून, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. एनपीटीईएलच्या कोर्समध्ये साधारणपणे २५ गुण असाइनमेंटला आणि ७५ गुण या परीक्षेला असतात. त्यामुळे नुसते व्हिडिओ पळवून क्रेडिट मिळत नाही.

यात क्लाउडचा संबंध काय?

क्लाउड म्हणजे सोप्या भाषेत, दुसऱ्याचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून वापरणं. मशीन लर्निंग शिकायचं तर पूर्वी कॉलेजला महागडी यंत्रं विकत घ्यावी लागायची. आज गुगल कोलॅबवर साध्या ब्राउझरमधून जीपीयू वापरता येतो. देशातल्या संस्थांनी मिळून उभ्या केलेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’वर प्रयोगाचं सिम्युलेशन करता येतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ मराठी आवाजातही आहेत.

पण क्लाउडची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. गुगलनं शिक्षण संस्थांना आधी अमर्याद साठवणुकीची सोय मोफत दिली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीनं ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. आकडा मोठा वाटतो, पण ५० हजार खाती असलेल्या विद्यापीठात तो माणशी फक्त २ जीबी भरतो. कोलॅबच्या मोफत आवृत्तीतही जीपीयू मिळेलच याची हमी नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री तो मिळाला नाही, तर तक्रार कुणाकडे करणार?

मोफत आहे, मग अर्ध्यात का सुटतं?

हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरील कोर्सचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. ज्यांनी पैसे भरले त्यांचा इरादा आधीच पक्का होता, हे खरं. तरीही यातून एक गोष्ट दिसते. व्हिडिओ उपलब्ध असणं आणि शेवटपर्यंत शिकणं यात मोठं अंतर आहे. ते अंतर वेळापत्रक, सोबतचे विद्यार्थी आणि अडलं तर विचारता येईल असा शिक्षक भरून काढतो.

साधनांचाही प्रश्न आहेच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. त्यानंतर स्मार्टफोन आणि स्वस्त डेटा घरोघरी पोहोचला. पण लेक्चर मोबाइलवर बघता येतं, पन्नास ओळींचा प्रोग्रॅम मोबाइलवर लिहिणं अवघड जातं.

शिक्षकाची जागाच रिकामी असेल तर?

हा सगळ्यात नाजूक मुद्दा आहे. महाराष्ट्रातल्या अनेक अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर काम भागतं. यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत, एखाद्या विषयाला योग्य शिक्षक नसेल तर स्वयमचा कोर्स घेता येईल, असं कारणच दिलेलं आहे. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यासाठी ही सोय चांगली आहे. पण त्या आधारावर जागा रिकामी ठेवण्याची सवय लागली, तर तात्पुरती सोयच कायमची व्यवस्था होऊन बसेल.

त्याच नियमावलीत दुसरी बाजूही आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. लॅब, कॉम्प्युटर आणि ग्रंथालयाची सोय कॉलेजनं मोफत आणि पुरेशी द्यायची आहे. विद्यार्थ्यांना कोर्सभर मार्गदर्शन करायला आणि प्रात्यक्षिकं घ्यायला एक समन्वयक नेमायचा आहे. म्हणजे लेक्चर बाहेरून आलं तरी शिकवण्याची जबाबदारी कॉलेजकडेच राहते. लिंक पाठवली म्हणजे कॉलेजचं काम संपलं, असं नियमही म्हणत नाही.

नोंदणीआधी काय विचाराल?

स्वयमचा कोर्स घेण्याआधी कॉलेजला चार प्रश्न विचारा.

१. हा कोर्स विद्यापीठानं किंवा स्वायत्त कॉलेजनं मान्य केलेल्या यादीत आहे का आणि त्याची किती क्रेडिट्स धरली जातील?

२. आमचा समन्वयक कोण आणि तो आठवड्यातून कधी भेटेल?

३. कॉम्प्युटर लॅब कोणत्या वेळेत खुली असेल?

४. परीक्षेचं शुल्क कोण भरणार? नापास झालो तर पुढे काय?

या प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर तालुक्याच्या कॉलेजात बसून देशातल्या उत्तम प्राध्यापकाकडून शिकण्याची संधी खरोखर मोठी आहे. उत्तरं मिळाली नाहीत, तर फी कॉलेजची भरायची आणि अभ्यास यूट्यूबच्या भरवशावर करायचा, एवढाच त्याचा अर्थ होईल.