पिशवी दुसऱ्याची, नाव आपले



एक व पाच किलोच्या पिशव्यांत साखर भरण्याचे काम बाहेरच्या कंपनीकडे द्यावे, अशी चर्चा सध्या आपल्याकडे चालू आहे. मी ऊस विकास खात्याचा माणूस. बेणे, लागण, खोडवे हा माझा प्रांत. गोडाऊनच्या कामात मी का नाक खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण बेणे मळे पाहायला ज्या बांधावर जावे तिथे उसाआधी हाच प्रश्न निघतो. म्हणून माझे मत मांडतो.

काम बाहेर द्यायला माझा विरोध नाही. ५० किलोचे पोते भरणे-शिवणे आपल्याला जमते, छोट्या पिशवीचे तंत्र वेगळे. यंत्र घेतले तर दिवाळी-लग्नसराईला चालवायचे, एरवी झाकून ठेवायचे आणि हप्ते मात्र बारा महिने भरायचे. ऊसतोड तरी आपण कुठे स्वतः करतो? पण उचल घेतलेली टोळी ऐन हंगामात आली नाही म्हणजे काय होते, ते शेतात तुरा आलेला ऊस घेऊन बसलेल्या सभासदाला विचारा. करार कच्चा असला की त्याची किंमत शेवटी आपणच मोजतो.

माझी पहिली धास्ती घटीची. ‘भरताना होणारी घट अर्धा टक्का’ असे कलम कोणी घातले तर वाचताना काही वाटायचे नाही. हिशेब करा. १०,००० क्विंटलवर ते ५० क्विंटल, म्हणजे १०० पोती झाली! उसाच्या ट्रॉलीमागे वीस किलोचा फरक वाटला तरी आपले सभासद शेती ऑफिसात येऊन बसतात (आणि बरोबरच करतात). मग इथे गप्प का? साखर जाताना आणि भरलेल्या पिशव्या येताना, दोन्ही वेळी वजन आपल्याच काट्यावर व्हावे. ठरल्यापेक्षा जास्त तूट कंपनीच्या बिलातून कापावी. कोमट साखर भरली की गाठी होतात, तेव्हा साखर नीट थंड करून देणे ही जबाबदारी मात्र आपली.

त्याहून मोठी गोष्ट नावाची. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे उत्पादक एक आणि भरणारा दुसरा असेल तर पिशवीवर दोघांचीही नावे लागतात. कंपनीचे नाव ठळक आणि कारखान्याचे मुंगीच्या पायाएवढे, असे झाले तर पाच वर्षांनी गिऱ्हाईक कंपनीचीच साखर मागेल. मग कंपनी कुठल्याही कारखान्याची साखर त्यात भरील, आणि आपण तिच्या दारात दर विचारत उभे राहू. नाव, चित्र आणि छपाईचे साचे कारखान्याच्या मालकीचे, हे करारात पहिल्या पानावर पाहिजे.

सभासदांची सवलतीची साखर मात्र पोत्यातच ठेवावी. घरी नेऊन डब्यातच ओतायची, तिच्या पिशवीची मजुरी कशाला? रिकामे पोते धान्याला तरी उपयोगी पडते.

— ऊस विकास अधिकारी