पाचवं चाक

मागच्या रविवारी धाकट्या मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, फिफ्थ व्हील घेतोय. हिच कुठली घेऊ? एका वाक्यात सांगा." एका वाक्यात जमलं नाही, म्हणून ही पोस्ट.

देशातल्या मंडळींसाठी थोडं आधी. अमेरिकेत पिकअप ट्रकला मागे घर जोडून हिंडणारे बरेच लोक आहेत, त्यात आम्ही दोघंही आलो. साधा ट्रेलर ट्रकच्या मागच्या टोकाला गोळ्यावर जोडतात. फिफ्थ व्हीलचं नाक मात्र ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर येऊन बसतं. नाकाखाली दोन इंच जाडीचा खुंटा असतो, किंगपिन. हौद्यातली हिच त्याला जबड्यात धरते. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे: पुढचा आस वळावा म्हणून वर आडवी गोल कडी बसवत, चार चाकांनंतरचं ते पाचवं.

बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांना पुढचं पटकन कळेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की बैलांची मान मोडते. इथेही तेच. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा खुंट्यावाटे ट्रकवर येतो. आणि ट्रक काही बैलासारखा मान टाकून सांगत नाही!

माझं स्पष्ट मत असं, की हिच शेवटी निवडायची. आम्ही उलटं केलं होतं. विक्रेता म्हणाला, तुमचा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो, ट्रेलर भरून 9,800, हिच सोळा हजारांची, काळजीच नको. सगळे आकडे खरे होते. पण ट्रकच्या दारावरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरकडे त्याने बोट दाखवलं नाही, आणि मीही पाहिलं नाही. ते हिनं पाहिलं. माणसं आणि सामान मिळून 1,620 पौंड. खुंट्यावरच 1,960 येणार, हिच अडीचशे, आम्ही दोघं तीनशे दहा. बेरीज 2,520. म्हणजे नऊशे पौंड जास्त, तेही कुकर-डबे न धरता. ओढण्याची ताकद वेगळी आणि पाठीवर घेण्याची वेगळी, हे बावीस वर्षं इंजिनिअर असलेल्या माणसाला बायकोने पार्किंगमध्ये उभं राहून शिकवलं. चार महिने खरेदी थांबली, घरात थोडा अबोलाही झाला. शेवटी जुना पण दणकट, पाऊण टनी म्हणतात तसला ट्रक घेतला.

मग हिच. आमचा हौदा साडेसहा फुटी. आठ फुटी असता तर साधी हिच चालली असती. आखूड हौद्यात काटकोनी वळण घेताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर येऊ शकतो. हल्लीच्या ट्रेलरांना कोपऱ्यात खाच असते, विक्रेते त्यावर भर देतात. मी तरी सरकती हिच घेतली, जी वळणापूर्वी दहा-बारा इंच मागे नेता येते. हाताने सरकवायची, म्हणजे उतरून दांडा ओढावा लागतो. आपोआप सरकणारी बरीच महाग. पेट्रोल पंपावर वैताग येतो खरा, पण काच शाबूत आहे.

एक स्वस्त वाट आहे: हौद्याच्या तळाशी गूजनेकचा गोळा आणि खुंट्याला लांब अडॅप्टर. हौदा मोकळा राहतो म्हणून मोह होतो. पण त्या लांबीमुळे तरफेसारखा ताण ट्रेलरच्या पुढच्या सांगाड्यावर येतो, आणि काही कंपन्या मग सांगाड्याची हमीच नाकारतात. मी त्या वाटेला जाणार नाही.

आणि कुठलीही घे, पण जबडा बघ. पहिल्याच सहलीत मी 'खट्' आवाजावर विश्वास ठेवला. खुंटा जबड्यात न शिरता वरच टेकला होता. ट्रक पुढे घेतला आणि ट्रेलरचं नाक हौद्याच्या कडांवर आपटलं. ही तिथून दोन पावलांवर उभी होती. दोन पावलं. तेव्हापासून बॅटरी घेऊन ही वाकून बघते, मग ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेले असतानाच, त्याचे ब्रेक दाबून, ट्रकने हलका हिसका द्यायचा. न सुटला तरच पाय वर.

तर मेव्हण्याला एवढंच कळवलं आहे, की आधी दारावरच्या स्टिकरचा फोटो पाठव आणि ट्रक भरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर एकदा वजन कर. रविवारपासून वाट बघतोय. फोटो आला तो ट्रेलरच्या स्वयंपाकघराचा.